पाठकोरे कागद

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीस,

आशीर्वाद लिहायचा हक्क उरला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी सवयीने हात वळला, तेव्हा असू दे. फोन केला तर तू माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. पत्र निदान फेकण्याआधी हातात तरी घ्यावं लागतं.

मागच्या बाजूला छापील गणितं दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. सहावीची जुनी प्रश्नपत्रिका आहे. पाठकोरा कागद टाकवत नाही, ही माझी खोड तुला माहीतच आहे. इथली पोरं तर मला 'पाठकोरी काकू'च म्हणतात.

इथली म्हणजे शिकवणीतली. सहा वर्षं झाली, शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर रोज पाच ते सात फुकट शिकवणी चालते, तिथे मी जाते. शिकवायला नव्हे, माझी मॅट्रिक ती केवढी! ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही आणि अडलं तर विचारायला माणूस नाही अशी चाळीसएक मुलं येतात. खाली शिलाई मशीन सुरू झालं की माळ्याच्या फळ्या थरथरतात, पेन्सिली घरंगळतात. म्हणून सगळी पोरं पेन्सिल कानावर खोचून बसतात. लांबून पाहिलं तर सुतारांची सभा वाटते. गणित शिकवतात ते निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत, नकाशेकाका म्हणतो आम्ही त्यांना. हातानेच असं वर्तुळ काढतात की कंपासने मान खाली घालावी. मला म्हणतात, "वहिनी, देवाकडे पाठकोरा कागद असता ना, तर तुम्ही तोही मागून आणला असता."

माझ्याकडे हजेरी, कपाटाची किल्ली आणि परीक्षेचे अर्ज. यंदा सातजण बाहेरून मॅट्रिकला बसताहेत. सगळ्यांची शाळा मध्येच सुटलेली. अर्ज मीच भरून घेतले, परीक्षा कार्यालयात मीच नेऊन दिले. काल प्रवेशपत्रं आली. सहा आली.

सातवं घारीचं. सतरा वर्षांची आहे, डोळ्यांवरून नाव पडलं. आईबरोबर सकाळी हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी उचलते आणि पाच वाजता माळ्यावर हजर. दोन वर्षांत तिच्यापुढे एकदाही गैरहजेरीची फुली नाही.

तू शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहेस म्हणून सहज विचारते. सहा येतात आणि एक मागून येतं, असं होतं का? टपालात अडकत असेल, नाही?

काळजीचं काही नाही. परीक्षा तीन मार्चला आहे.

ताई


१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीस,

तुझं उत्तर यायच्या आतच हे दुसरं. शनिवारी 'काळजीचं काही नाही' असं लिहिलं होतं, ते खोडून वाच.

आमची पद्धत सांगते, म्हणजे तुला नीट कळेल. छापील अर्ज प्रत्येकाला एकच मिळतो. मुलं खाडाखोड करतात, म्हणून आधी त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर कच्चा अर्ज भरायचा, नकाशेकाकांनी तपासायचा, मग छापील अर्जावर पक्का उतरवायचा. पक्के कार्यालयात जातात. कच्चे माझ्याकडे राहतात, कारण मागची बाजू कोरी. मी एकेकाचे चार तुकडे करते, शिंपीदादा मशीनवर शिवण मारून देतात, आणि लहान मुलांना कच्च्या गणिताच्या वह्या होतात. सहा वर्षांत शिकवणीतल्या एकाही मुलाने कच्ची वही विकत घेतलेली नाही. याचा मला फार अभिमान होता.

काल तिसरीतली ठमी आठाचा पाढा दाखवायला आली. मी आठ सक अठ्ठेचाळीसपर्यंत तपासून पान उलटलं, तर मागे कोपऱ्यात लाल आकडा. अर्जाचा क्रमांक लाल शाईत छापलेला असतो. झेरॉक्समध्ये तो काळा येतो.

हा लाल होता, धाकटे. आणि त्याखाली घारीचं अक्षर.

"काकू, चुकलं का?"

"नाही गं, बरोबर आहे. ही वही आज माझ्याकडे राहू दे."

"मग मला नवीन?"

"देते."

नवीन वही देताना ती माझ्या हातून दोनदा निसटली, तेव्हा ठमी म्हणाली, "काकू, खाली मशीन तर बंद आहे."

तो तुकडा मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटतं, घारी विचारायला आली. ती रोज विचारते, "काकू, आलं?" मी रोज म्हणते, "येईल." मग ती चादरींनी सोललेल्या बोटांनी पुस्तक उघडून बसते. मला तिकडे बघवत नाही.

कुणाच्या तरी हातून अदलाबदल झाली असावी. कच्चा अर्ज कार्यालयात गेला आणि पक्का फाडला गेला. आम्ही पाचसहा माणसं असतो, घाईगर्दी असते, कुणाकडूनही होऊ शकतं. अशा वेळी काय करायचं असतं?

ताई

पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. कुणाकडूनही नाही. घारीचा फोटो सगळ्यांत शेवटी आला, त्याच दिवशी अर्ज द्यायचे होते. तिचा कच्चाही इतका स्वच्छ, की खाडाखोडीवरून ओळखावा तर कुठे खाडाखोडच नाही. दोन्ही कागद माझ्यासमोर होते. एकावर फोटो चिकटवला, दुसरा कात्रीखाली घेतला. कात्री माझीच.


१७ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. नाव नाही, मायना नाही, पाच ओळी. माझ्यासाठी त्याच ढीगभर आहेत. "टपालाची चूक नाही. झेरॉक्स नाकारली गेली आहे. मूळ अर्जाचे तुकडे मिळवा, क्रमांक आणि उमेदवाराची सही असलेले दोन तर हवेतच. सोबत अर्ज दिल्याची पोच, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याचा सहीनिशी लेखी कबुलीजबाब जोडा. चोवीस तारीख शेवटची."

मिळवा, जोडा. तू मला अहो-जाहो केलंस. लहानपणी माझ्या वेणीला लोंबकळून "तू मर" म्हणायचीस, ते बरं होतं.

यांना पत्र दाखवलं. हे चष्मा काढून म्हणाले, "कबुलीजबाब कसला देतेस? उद्या कार्यालय म्हणेल, ह्या शिकवणीचे अर्जच घेऊ नका. एका मुलीपायी चाळीस मुलांचं नुकसान करशील. हरवला म्हणून सांग ना. कागद हरवतातच."

यांना ठाऊक नव्हतं हे वाक्य कोणाचं आहे. मला आणि तुला ठाऊक आहे.

आता लिहायलाच हवं. हात थांबायच्या आत लिहिते. चोवीस वर्षांपूर्वी तुझं नर्सिंग कॉलेजचं पत्र रद्दीत गेलं नव्हतं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. मी उघडलं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, माझं लग्न मे महिन्यात ठरलेलं. तू गेलीस तर आईजवळ कोण, लग्न पुढे जाणार, आणि पुढे गेलेलं लग्न मोडतं, असं तेव्हा डोक्यात भरलं होतं. मी ते चुलीत घातलं. आणि तू घर उलथंपालथं करायला लागलीस तेव्हा म्हटलं, "रद्दीत गेलं असेल गं. कागद हरवतातच."

आणि तू रद्दीवाल्याकडे निघालीस, तर मीही तुझ्याबरोबर आले! अख्खी दुपार आपण दोघी गठ्ठे सोडत बसलो. तुझी नखं काळी झाली होती. घर सोडून जाताना तू एवढंच म्हणालीस, "ताई, त्या दिवशी तू शोधत नव्हतीस. पाठकोरे निवडत होतीस." खरं होतं. शंभरएक कागद घरी घेऊन आले होते मी. हात रिकामे राहवेनात, म्हणून. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यातून तुला सगळं कळलं.

तेव्हा जे खोटं बोलले, तेच देवाने आता खरं करून माझ्या हातावर ठेवलं आहे. या वेळी कागद खरंच चुकून गेला. कोणाला पटेल? घारीला पास झाल्यावर काय व्हायचं आहे, तुला सांगितलं नाही मी. वॉर्डमधल्या मदतनिसांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, आणि तिथून पुढे नर्स. हे माहीत असलेल्या बाईच्या कात्रीखाली नेमका तोच कागद यावा? मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली आहे. जपाला बसते, मणी पुढे सरकतात, नाव तोंडात येत नाही.

तू मला काही लिहू नकोस. फक्त हे वाचलंस, एवढं झालं तरी पुरे.

ताई


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीस,

सांगितलं.

घारीच्या आईला गाठायला हॉस्पिटलच्या धुलाईत गेले. तळघरात आहे ती. वाफेने समोरचं माणूस दिसत नाही. दोन मोठे गरम रूळ फिरत असतात, त्यांच्यामधून ओली चादर घालायची, पलीकडून इस्त्री होऊन निघते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या रुळाने चपटी झालेली आहेत. एप्रिलपासून तिथे एक जागा कायम होणार आहे आणि मुकादमाने ती घारीसाठी धरून ठेवली आहे. आईने लेकीला सांगितलं होतं, "हे एक वर्ष तुझं. पास झालीस तर वर जा, नाहीतर माझ्या शेजारी उभी राहा. दुसरं वर्ष माझ्याकडे नाही." परीक्षेला बसताच आलं नाही तर काय, हे त्या बोलण्यात नव्हतं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रुळांच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. चार बायका वळून बघायला लागल्या.

ती हात पुसत म्हणाली, "म्हणजे काळं कुठलं आणि लाल कुठलं, ते तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"आणि पोरीला दहा दिवस 'येईल, येईल' करत होतात."

"हो."

"बाई, तुम्ही आमच्या पोरांना शहाणं करायला निघालात," ती म्हणाली, "आणि चार कोऱ्या चिठोऱ्यांपायी माझ्या पोरीचं वर्ष फाडलंत."

मला वाटलं होतं की ती अंगावर येईल, शिव्या देईल. तेच बरं झालं असतं. ती वळली आणि पुढची चादर रुळात घालायला लागली.

घारी कपड्यांच्या ढिगामागे उभी होती. मी पाहिलंच नव्हतं. म्हणाली, "काकू, बाकीचे तुकडे कुठे गेले ते सांगा."

एवढंच. रडायला तिच्याकडे वेळ नव्हता.

वह्यांच्या बाबतीत माझी लिहून ठेवायची सवय कामाला आली. कुठली वही कोणाला दिली याची यादी हजेरीच्या मागे आहे. अकरा, बारा, तेरा, चौदा या चार वह्यांत तो अर्ज विखुरला होता. अकरा नंबर ठमीची. बारा नंबर एका मुलाच्या घरी मिळाली, त्या पानावर त्याच्या बहिणीने हत्ती काढला आहे, सोंड नेमकी घारीच्या जन्मतारखेवर. तेरा नंबरचं पान खिडकीच्या फटीत कोंबलेलं होतं. नकाशेकाका स्वतः स्टुलावर चढून काढत होते. मी खालून म्हणत होते, "जपून, जपून." ते म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर पूल काढले, कागद काय काढता येत नाही?" पण आज त्यांच्या विनोदाला कोणी हसलं नाही. कोणाच्या मनात काय आहे ते मला कळतं. माळ्यावर मी शिरले की बोलणं थांबतं. आज एका बाईने आपल्या मुलाचा दाखला माझ्याकडून परत मागून नेला. "घरीच बरा," म्हणाली.

चौदा नंबर राहिली. तिच्यातच घारीची सही. ती वही संपली म्हणून मुलाच्या आजोबांनी बुधवारी रद्दीत घातली.

रद्दी. तुला लिहितानाही हा शब्द पेनातून उतरत नाही.

ताई


२४ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीस,

हे परीक्षा कार्यालयाच्या बाकावर बसून लिहिते आहे. आमचे कागद आत गेले आहेत. घारी शेजारी भूगोल वाचते आहे. पण पान बराच वेळ उलटलेलं नाही. तिची आई भिंतीला टेकून उभी आहे. बस म्हटलं तर म्हणाली, "मला उभं राहायची सवय आहे."

शनिवारी सकाळी रद्दीवाल्याच्या गोदामात गेलो, घारी आणि मी. तो म्हणाला, "मंगळवारपर्यंतचा माल कारखान्यात गेला, बुधवारचा त्या कोपऱ्यात. पण मावशी, गठ्ठे सोडलेत तर बांधूनही तुम्हीच द्यायचे." कोपरा म्हणजे माझ्या डोक्याच्या वर दोन हात. वरचे गठ्ठे त्याने खाली ढकलले, आणि आम्ही जमिनीवर बसून एकेक सोडायला लागलो. तोच वास, धाकटे. ओलसर पुठ्ठा आणि जुनी शाई. मला वाटलं, मान वर केली तर समोर तू दिसशील, काळ्या नखांची. म्हणून मान वर केलीच नाही.

दुपारपर्यंत काही नाही. माझ्या मनात एकच, की हा शोधही खोटाच ठरणार. देव मला तीच दुपार पुन्हा देतो आहे आणि शेवटही तोच देणार. तोंडात नाव येत नव्हतं तर नुसतंच 'दे, दे, दे' असं चाललं होतं. जप म्हणायचा की भीक, देव जाणे.

तीनच्या सुमाराला घारीने विचारलं, "काकू, तुम्ही एवढे कोरे कागद बघताय. एकही बाजूला काढला नाहीत?"

मी आजूबाजूला पाहिलं. माझ्या भोवती पांढरेशुभ्र पाठकोरे पडलेले, कोण्या ऑफिसातले, गठ्ठेच्या गठ्ठे. वर्षभराच्या वह्या झाल्या असत्या. मला दिसलेच नव्हते.

चौथा तुकडा चारला पाच मिनिटं असताना मिळाला. घारीच्याच हाताला लागला. तिने तो दोन्ही तळहातांवर धरला आणि मग मात्र रडली. मला जवळ घेऊ दिलं नाही. आम्ही सगळे गठ्ठे पुन्हा बांधून दिले.

आज चारही तुकडे एका कागदावर चिकटवून आत दिले आहेत. हत्तीसकट. सोबत पोच आणि माझा कबुलीजबाब. त्यात लिहिलं आहे: चूक माझी एकटीची, मुलीची किंवा शिकवणीची नाही. सही वेडीवाकडी आली. कारकून म्हणाला, "सही नीट करा." दुसऱ्यांदा केली.

आत जाऊन दीड तास झाला. दार दोनदा उघडलं. दोन्ही वेळा दुसऱ्याच कोणाला बोलावलं. हे म्हणाले होते तेच झालं तर? शिकवणीचं नाव काळ्या यादीत गेलं, आणि घारीलाही नाही म्हणाले, तर मी घरी कुठल्या रस्त्याने जाऊ?

बोलावलं. नंतर लिहिते.

नंतर काही लिहायचं उरलं नाही. "चौकशी होईल. शनिवारी या." एवढंच. शनिवार एक तारीख. सोमवारी पेपर.


३ मार्च, सोमवार

धाकटीस,

घारी आत बसली आहे.

प्रवेशपत्र नाही दिलं. शनिवारी दुपारी तात्पुरती चिठ्ठी दिली, तिच्यावर शिक्का आहे. पेपर लिहायचे, पण चौकशी पूर्ण होईपर्यंत निकाल राखून ठेवणार. म्हणजे ती पास झाली तरी मला कळायला किती महिने लागतील, ठाऊक नाही. तोवर एप्रिल येईल आणि रुळाजवळची जागा भरायची वेळ येईल. तिच्या आईला मी विचारलं नाही. तिनेच आज सकाळी फाटकाशी सांगितलं, "मुकादमाला म्हटलंय, थांब." माझ्याकडे न बघता सांगितलं. पण मलाच सांगितलं.

कार्यालयाने शिकवणीला एक पत्र दिलं आहे: यापुढे अर्ज माझ्या हातून स्वीकारणार नाहीत. मी किल्ली नकाशेकाकांपुढे ठेवली. ते म्हणाले, "अर्ज मी नेईन. पण किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, माझ्याकडे चष्मासुद्धा राहत नाही." मी घेतली नाही. अजून नाही घेववत. हजेरी तेवढी ठेवली आहे.

तू उत्तर दिलं नाहीस. मीच लिहू नकोस म्हटलं होतं. तरी रोज टपालाच्या वेळी दाराशी उभी राहते, आणि पोस्टमन समोर आला की एक पाऊल मागे सरते. पत्र येईल म्हणून की येणार नाही म्हणून, ते मला कळत नाही. त्या वर्षी तूही अशीच दाराशी उभी राहायचीस.

घंटा झाली. एक तास संपला. आतून काही आवाज नाही. फाटकाबाहेर आम्ही दोघी बायका, मध्ये दोन हात अंतर, दोघींच्या नजरा एकाच खिडकीवर.

हा कागद मी मघाशी कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घेतला. दोन्ही बाजूंनी कोरा आहे. कितीतरी वर्षांनी असा कागद हातात धरला. पुढची बाजू संपत आली, बारीक अक्षरात लिहिते आहे, कारण मागे उलटायचं नाही.

मागची बाजू तुझी. काही लिहावंसं वाटलं तर त्यावर लिही आणि हाच कागद परत पाठव. नाही वाटलं, तर तसाच कोरा राहू दे. मी त्याचे तुकडे करणार नाही.

ताई